डॉ. रॉबर्टा बाँडर : आठ दिवस अंतराळात, बाकी जमिनीवर

२२ जानेवारी १९९२ रोजी फ्लॉरिडातील केनेडी अवकाश केंद्रावरून 'डिस्कव्हरी' हे यान सात जणांना घेऊन निघाले आणि ३० जानेवारीला कॅलिफोर्नियातील एडवर्ड्स हवाई तळावर उतरले. त्या सातांत कॅनडाच्या एक डॉक्टर होत्या. त्यांचे नाव रॉबर्टा बाँडर. कॅनडाच्या पहिल्या महिला अंतराळवीर आणि अंतराळात गेलेल्या जगातील पहिल्या मेंदू व चेतासंस्थेच्या तज्ज्ञ अशी त्यांची नोंद झाली. सामान्यज्ञानाच्या पुस्तकांत त्यांच्याविषयी साधारण एवढीच ओळ सापडते.

बाँडर यांचा जन्म ४ डिसेंबर १९४५ चा. अंतराळात गेल्या तेव्हा त्या ४६ वर्षांच्या होत्या आणि तेथे त्यांनी घालवलेला काळ आठ दिवस, एक तास व काही मिनिटे इतका भरतो. वर्गात आपण अंतराळवीरांचे चरित्र सांगतो ते बहुधा अशा आठ दिवसांचे असते. त्याआधीची तीस वर्षे आणि नंतरची तीस वर्षे सांगायची राहून जातात. बाँडर यांच्या बाबतीत हे राहून जाणे आम्हाला विशेष खटकते, कारण त्यांचा खरा विषय अंतराळ हा नव्हताच. सजीवाचा परिसर बदलला की सजीवाचे काय होते, हा एकच प्रश्न त्या निरनिराळ्या ठिकाणी जाऊन विचारत राहिल्या. एकदा तो प्रश्न त्यांना पृथ्वीपासून तीनशे किलोमीटर वर घेऊन गेला, इतकेच.

सुरुवात त्यांच्या गावापासून करू. कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात सू सेंट मरी नावाचे गाव आहे. सुपीरिअर सरोवराचे पाणी ज्या नदीवाटे ह्यूरन सरोवरात उतरते, त्या नदीच्या काठी ते वसले आहे. गावात विसाव्या शतकाच्या आरंभापासूनचा मोठा पोलाद कारखाना आणि गावाबाहेर मैलोगणती सूचिपर्णी अरण्य. बोईसर-तारापूरच्या शिक्षकांना हे गाव फारसे परके वाटू नये. आपल्याकडेही पश्चिमेला पाणी, पूर्वेला डोंगर आणि जंगल, मध्ये कारखाने. फरक थंडीचा. तिकडे हिवाळ्यात पारा शून्याच्या बराच खाली जातो.

लहान रॉबर्टाला प्रयोगांची आवड होती. वडिलांनी घराच्या तळघरात तिला एक छोटी प्रयोगशाळा करून दिली होती. शाळेच्या शेवटच्या वर्षी तिने तंबू सुरवंटांवर एक प्रयोग उभा केला. हे सुरवंट झाडावर कळपाने राहतात आणि पाने फस्त करतात. योगायोग असा की याच गावात कॅनडा सरकारच्या वनखात्याची कीटक प्रयोगशाळा होती. या प्रकल्पामुळे रॉबर्टाला तेथे उन्हाळी काम मिळाले आणि पुढे सहा वर्षे दर उन्हाळ्यात ती स्प्रूस वृक्षांच्या कोवळ्या कळ्या खाणाऱ्या एका अळीचा अभ्यास करीत राहिली.

ही अळी थोडी समजून घेण्यासारखी आहे. एरवी ती जंगलात असून नसल्यासारखी असते. पण साधारण तीस-चाळीस वर्षांनी तिची संख्या साथीसारखी उसळते आणि हजारो चौरस किलोमीटर जंगल तपकिरी पडते. पुढे ती आपोआप ओसरते. अशा किडीचे काय करायचे हे ठरवायचे असेल तर यंदा किती अळ्या आहेत एवढे कळून भागत नाही. गेल्या वर्षी किती होत्या, दहा वर्षांपूर्वी किती होत्या, त्या वर्षी पाऊस कसा होता, हे लिहून ठेवलेले असावे लागते. झाडाखाली उभे राहून फांदीवरच्या अळ्या मोजायच्या आणि वहीत आकडा लिहायचा, हे काम कंटाळवाणे असते. संशोधनाचा पाया मात्र तेच असते. डहाणू-घोलवडच्या चिकूबागांत बी पोखरणाऱ्या अळीने बागायतदारांना जेरीस आणले आहे. तिच्याबाबतीतही बागवानांना हाच अनुभव येतो. कोणत्या महिन्यात किती फळे किडली याची सलग नोंद ज्याच्यापाशी असते, त्यालाच उपाय कधी करायचा ते नेमके कळते.

यानंतरचे शिक्षण भराभर सांगून टाकू, कारण पदव्यांची यादी मुलांना पाठ करायला लावण्यात अर्थ नाही. ग्वेल्फ विद्यापीठातून प्राणिशास्त्र व कृषी या विषयांची पदवी (१९६८), वेस्टर्न ओंटारिओ विद्यापीठातून प्रायोगिक विकृतिशास्त्रात पदव्युत्तर पदवी (१९७१), टोरोंटो विद्यापीठातून चेताविज्ञानात डॉक्टरेट (१९७४), मॅकमास्टर विद्यापीठातून वैद्यकीय पदवी (१९७७) आणि १९८१ मध्ये चेतारोगतज्ज्ञ म्हणून मान्यता. किडीपासून पेशी, पेशीपासून चेतातंतू आणि चेतातंतूपासून रुग्ण असा हा क्रम आहे. डोळा आणि मेंदू यांच्या परस्परसंबंधाचे खास प्रशिक्षणही त्यांनी घेतले. १९८२ पासून त्या मॅकमास्टरमध्ये शिकवीत होत्या आणि हॅमिल्टन परिसरातील मल्टिपल स्क्लेरोसिसच्या रुग्णांसाठीच्या केंद्राच्या संचालक होत्या. या विकारात चेतातंतूंवरचे आवरण जागोजागी नष्ट होते. एखाद्या रुग्णाचा हात लुळा पडतो, एखाद्याची दृष्टी अधू होते, मधले काही महिने बरे जातात. रुग्ण आज कसा आहे हे सहा महिन्यांपूर्वीच्या तपासणीचा कागद समोर असल्याशिवाय डॉक्टरला सांगता येत नाही. आधीची नोंद येथेही लागतेच.

डिसेंबर १९८३ मध्ये कॅनडाने आपले पहिले सहा अंतराळवीर निवडले. अर्ज चार हजारांहून अधिक आले होते. निवडलेल्या सहांमध्ये स्त्री एकच होती. सहांपैकी मार्क गार्नो ऑक्टोबर १९८४ मध्ये जाऊनही आले. बाकीच्यांची पाळी येण्याच्या आतच २८ जानेवारी १९८६ रोजी 'चॅलेंजर' यानाचा उड्डाणानंतर ७३ सेकंदांत स्फोट झाला, सातही अंतराळवीर मृत्युमुखी पडले आणि अमेरिकेची उड्डाणे अडीच वर्षांहून अधिक काळ थांबली. निवडीपासून प्रत्यक्ष उड्डाणापर्यंत बाँडर यांना आठ वर्षे लागली. या काळात त्या हातावर हात ठेवून बसल्या नव्हत्या. नियोजित अंतराळ स्थानकावर जीवशास्त्राचे कोणते प्रयोग व्हावेत हे ठरवणाऱ्या कॅनडाच्या उपसमितीचे अध्यक्षपद १९८५ पासून त्यांच्याकडे होते. नेतृत्व म्हटले की आपल्याला व्यासपीठ आठवते. विज्ञानातले नेतृत्व पुष्कळदा असे समितीच्या खोलीत चालते. कोणाचा प्रयोग घ्यायचा, कोणाला नकार द्यायचा आणि नकाराचे कारण त्याला पटेल असे कसे सांगायचे, हा त्यातला अवघड भाग.

अंतराळात जाणाऱ्या त्या पहिल्या डॉक्टर नव्हत्या. सोव्हिएत संघाचे बोरिस येगोरोव १२ ऑक्टोबर १९६४ रोजी एका दिवसासाठी जाऊन आले. अमेरिकेचे जोसेफ केर्विन १९७३ मध्ये 'स्कायलॅब'वर २८ दिवस राहिले. आपल्या राकेश शर्मांची एप्रिल १९८४ मधील यात्रा सर्वांना आठवते. ते 'सॅल्यूत-७' स्थानकावर पोचले तेव्हा ओलेग अत्कोव हे हृदयरोगतज्ज्ञ तेथे फेब्रुवारीपासून मुक्कामाला होते आणि एकूण २३७ दिवस राहून परतले. शर्मांनी तेथे योगासनांचे प्रयोग केले आणि भारताच्या भूमीची छायाचित्रे घेतली. शरीर आणि भूमी या दोन्हींची पाहणी एकाच फेरीत करण्याची ही पद्धत पुढे बाँडर यांच्या आयुष्यातही दिसते.

आता त्या आठ दिवसांकडे वळू. 'डिस्कव्हरी'च्या मालकक्षात एक प्रयोगशाळाच बसवलेली होती. तिचे नाव 'आंतरराष्ट्रीय सूक्ष्मगुरुत्व प्रयोगशाळा'. डझनाहून अधिक देशांतील शास्त्रज्ञांचे चाळीसहून अधिक प्रयोग तिच्यात होते. सात जणांनी दोन पाळ्या करून चोवीस तास काम चालू ठेवले. काम आटोपेना, म्हणून उड्डाण एक दिवसाने वाढवण्यात आले. पृथ्वीभोवती १२९ फेऱ्या झाल्या.

'सूक्ष्मगुरुत्व' या शब्दाने मुलांचा नेहमी घोटाळा होतो. वर गेले की गुरुत्वाकर्षण संपते, असे त्यांना वाटते. तसे मुळीच नाही. तीनशे किलोमीटर उंचीवर ते जमिनीवरच्या सुमारे ९१ टक्के असते. पालघरच्या काळदुर्गावरून एक दगड आडवा फेकला तर तो काही अंतरावर पडेल. जोराने फेकला तर आणखी पुढे पडेल. हवेचा अडथळा नाही असे मानून तो सेकंदाला पावणेआठ-आठ किलोमीटर वेगाने फेकला, तर तो पडत राहील पण त्याच्याखालची गोल पृथ्वीही तितकीच वळत जाईल आणि दगड जमिनीला कधीच टेकणार नाही. यान, त्यातली माणसे, त्यांच्या हातातील पेन्सिल, सारे असे एकत्र पडत असतात. पाय जमिनीला दाबत नाहीत, म्हणून वजन जाणवत नाही.

मग शरीराचे काय होते? आपल्या आतल्या कानात कॅल्शियम कार्बोनेटचे अतिशय बारीक स्फटिक असतात. एका मऊ थरावर ते बसलेले असतात आणि त्या थरात संवेदक पेशींचे केस रुतलेले असतात. डोके तिरके केले की स्फटिक वजनाने घसरू पाहतात, केस वाकतात आणि मेंदूला 'डोके कलले' असा निरोप जातो. यानात स्फटिकांना वजनच जाणवत नाही. डोके कलले तरी निरोप जात नाही. डोळा म्हणतो कलले, कान म्हणतो नाही. मेंदू या भांडणात सापडला की मळमळ सुरू होते. बसमधल्या मुलाचेही बोईसर ते मनोरच्या वळणांवर हेच होते, फक्त तेथे तक्रार उलटी असते. समोरच्या बाकाकडे बघत बसलेला डोळा म्हणतो आपण स्थिर आहोत आणि कान म्हणतो हललो. अंतराळवीरांपैकी निम्म्याहून अधिक जणांना पहिले दोन-तीन दिवस हा त्रास होतो. नंतर मेंदू कानाचे ऐकणे कमी करून डोळ्यावर विसंबू लागतो आणि त्रास थांबतो. प्रौढ माणसाचा मेंदू दोन-तीन दिवसांत जुनी सवय मोडून नवी लावून घेतो, ही बाब चेतारोगतज्ज्ञाला किती मोलाची वाटेल याची कल्पना करावी. या उड्डाणात अंतराळवीरांना फिरत्या खुर्चीत बसवून त्यांच्या बुबुळांची हालचाल टिपण्यात आली, ती याच सवयबदलाचा माग काढण्यासाठी.

पाठीच्या कण्याचेही तसेच. वजन नसल्याने मणक्यांमधल्या चकत्या फुगतात, माणूस काही सेंटिमीटर उंच होतो आणि पाठ दुखू लागते. कॅनडाच्या एका प्रयोगात रोज उंची आणि दुखणे मोजायचे होते. मोजणारे आणि मोजले जाणारे तेच. येथे लक्षात घेण्यासारखी बाब अशी की या सर्व तपासण्या उड्डाणाच्या आधी पृथ्वीवर अनेकदा करून ठेवल्या होत्या आणि परतल्यावर पुन्हा केल्या गेल्या. अंतराळातील आकडा एकटा असला तर तो मुका असतो. उंची १७० सेंटिमीटर भरली, यातून काय कळणार? आधी किती होती ते माहीत हवे.

प्रयोगांत वनस्पतीही होत्या. ओटची रोपे, गव्हाची रोपे आणि मसुरीचे कोंब. मूळ खालीच का जाते हा प्रश्न शाळेतील मुलांनाही पडतो. मुळाच्या टोकाशी असलेल्या काही पेशींत पिष्टाचे जड कण असतात. ते तळाशी बसतात आणि 'खाली' कोठे आहे ते मुळाला त्यावरून कळते. कण तळाशी बसणारच नाहीत अशा ठिकाणी मूळ काय करते, हे पाहण्याचा तो खटाटोप होता. २०२५ च्या जून-जुलैमध्ये शुभांशु शुक्ला आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर राहिले तेव्हा त्यांनीही मूग आणि मेथीला मोड आणले होते. आपल्या वर्गात अवकाशयान नाही, पण काचेचा पेला, टीपकागद आणि मूग आहेत. पेल्याला आतून ओला टीपकागद लावून काच व कागद यांच्यामध्ये मूग ठेवावेत. मूळ दोन सेंटिमीटर वाढले की पेला आडवा करावा आणि दर दोन तासांनी मुळाचा कोन कोनमापकाने मोजून लिहावा. मूळ किती वेळात वळू लागले, हे मुलांनी आलेखावर काढावे. पुस्तकातील उत्तर आधी सांगू नये.

परतल्यावर त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये बाँडर यांनी कॅनडाची अंतराळ संस्था सोडली. पुष्कळांना याचे आश्चर्य वाटते. पण त्यांच्या प्रश्नाचा अर्धा भाग आता जमिनीवरच सुटायचा होता. परतलेला अंतराळवीर उभा राहिला की त्याला घेरी येते, कधी तो कोसळतोही. गुरुत्व नसताना रक्त डोक्याकडे सरकलेले असते आणि शरीराने तेथे त्याच्याशी जुळवून घेतलेले असते. जमिनीवर येताच ते पायांकडे ओढले जाते आणि मेंदूला पुरेसे मिळत नाही. नासाबरोबर काम करणाऱ्या एका संशोधक गटाचे नेतृत्व बाँडर यांनी दहा वर्षांहून अधिक काळ केले आणि २४ उड्डाणांतील अंतराळवीरांची माहिती अभ्यासली. कवटीबाहेरून ध्वनितरंग सोडून मेंदूच्या रक्तवाहिनीतील रक्ताचा वेग मोजता येतो. माणसाला कलत्या फळीवर झोपवून हळूहळू उभे करायचे आणि हा वेग, नाडी व रक्तदाब एकाच वेळी टिपायचे, अशी पद्धत होती. याच फळीवर त्यांनी दुसऱ्या एका गटालाही तपासले. ज्यांची स्वायत्त चेतासंस्था निकामी झाली आहे आणि जे रोजच उभे राहताना भोवळ येऊन पडतात, असे ते रुग्ण. अंतराळवीर काही दिवसांत पूर्ववत होतो. हा रुग्ण होत नाही. मग एकाच्या शरीराला जे जमते ते दुसऱ्याच्या शरीराला का जमत नाही, हे विचारता येते. अंतराळ संशोधनावर एवढा खर्च कशासाठी, असे विद्यार्थी विचारतात तेव्हा उपग्रह आणि दूरदर्शनाचे नेहमीचे उत्तर देण्याऐवजी हे उदाहरण द्यावे, असे आम्हाला वाटते.

या काळात त्यांनी आणखी एक गोष्ट केली. कॅलिफोर्नियातील एका संस्थेत त्या निसर्गछायाचित्रण रीतसर शिकल्या आणि कॅनडातील तेव्हाच्या सर्व ४१ राष्ट्रीय उद्यानांत हिंडून त्यांची छायाचित्रे घेतली. त्यांचे पुस्तक २००० साली निघाले. आमच्या व्यवसायातील काही जण याला निवृत्त माणसाचा छंद म्हणतील. आम्ही तसे म्हणणार नाही. कोणत्या जागी, कोणत्या ऋतूत, हिमनदीचे टोक कोठे होते, हे चांगल्या छायाचित्रात कायमचे नोंदले जाते. अंतराळातून पृथ्वी पाहून आलेल्या माणसांविषयी जरा भाबडेपणाने लिहिले जाते. त्यांना म्हणे सीमा दिसत नाहीत, पृथ्वी एक नाजूक निळा गोळा दिसतो आणि मन पालटते. पालटत असेलही. पण निळा गोळा पाहून एखाद्या ओढ्याला काय झाले आहे ते कळत नाही. त्यासाठी ओढ्यावर जावे लागते, आणि बाँडर गेल्या, हे महत्त्वाचे.

२००३ ते २००९ ही सहा वर्षे त्या ट्रेंट विद्यापीठाच्या कुलपती होत्या. शिक्षकांच्या दृष्टीने त्यांचे सर्वांत मोठे काम याच काळातले आहे. ओंटारिओ प्रांतात १९९० च्या दशकाच्या अखेरीस अभ्यासक्रमाची फेररचना झाली आणि तीत पर्यावरणविज्ञानाचा स्वतंत्र विषय गळाला. त्यावर बरीच नाराजी झाली. २००७ मध्ये शालेय पर्यावरण शिक्षणाविषयी एक कार्यगट नेमला गेला आणि त्याचे अध्यक्षपद बाँडर यांना देण्यात आले. जूनमध्ये अहवाल आला. पर्यावरण हा विषय एखाद्या तासिकेत कोंडू नये, प्रत्येक इयत्तेत आणि प्रत्येक विषयात तो यावा, असा त्याचा गाभा होता. अहवालाने तीन गोष्टी एकत्र मागितल्या. शाळा आणि शिक्षण मंडळे यांनी याची जबाबदारी घ्यावी आणि जाब द्यावा, अभ्यासक्रम बदलावा, आणि शिक्षकाला प्रशिक्षण व साधने मिळावीत. तिसरी नसेल तर पहिल्या दोन कागदावर राहतात. २००९ मध्ये प्रांताच्या शिक्षण खात्याने या धर्तीवर धोरण जाहीर केले. त्याच वर्षी बाँडर यांच्या नावाची संस्थाही स्थापन झाली. मुलांनी कॅमेरा घेऊन बाहेर पडावे, एखादा सजीव नीट पाहावा, टिपावा आणि त्याविषयी लिहावे, असे उपक्रम ती चालवू लागली.

आपल्याकडे हा प्रवास न्यायालयातून झाला. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर २२ नोव्हेंबर १९९१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरण हा विषय शिक्षणात सक्तीचा करण्याविषयी निर्देश दिले. अंमलबजावणी होईना, म्हणून डिसेंबर २००३ मध्ये न्यायालयाला पुन्हा बजावावे लागले. विषय आला, पुस्तक आले, गुण आले. त्याबरोबर तयार प्रकल्पवह्याही दुकानांत आल्या. समुद्रापासून दोन किलोमीटरवर राहणारा मुलगा दुकानातून आणलेल्या वाघाच्या चित्राखाली 'वाघ वाचवा' असे लिहून दहापैकी नऊ गुण मिळवतो, हे चित्र आपल्या सर्वांच्या परिचयाचे आहे.

आणि हे अशा जिल्ह्यात, जेथे याहून वेगळे काही घडून गेले आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर गेले. ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी महागड्या साहित्याऐवजी बिया, शंखशिंपले, पाने, खडे वापरून वारली मुलांना शिकवले. गुरे राखणारी मुले शाळेत येत नाहीत म्हटल्यावर शाळाच कुरणावर नेली. मूल जेथे आहे तेथून शिक्षण सुरू करायचे, ही गोष्ट ओंटारिओच्या अहवालाच्या साठ वर्षे आधी आपल्या डहाणू तालुक्यात होऊन गेली.

तारापूरलाही आधीच्या नोंदीचे एक चांगले उदाहरण आहे. अणुवीज केंद्राच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या १९६९ मध्ये सुरू झाल्या. त्या सुरू होण्याच्या आधीच येथे परिसर-पाहणी प्रयोगशाळा काम करू लागली होती. समुद्राचे पाणी, गाळ, मासे, दूध, माती यांतील नैसर्गिक किरणोत्सार तिने मोजून ठेवला. त्यामुळे नंतर एखाद्या माशात काही आढळले तर ते मुळातलेच होते की भट्टीमुळे वाढले, हे सांगण्याला आधार मिळाला. याउलट शेजारच्या औद्योगिक वसाहतीचे पाहा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या निर्देशांकात देशभरातील औद्योगिक क्षेत्रांत तारापूर सर्वांत वरच्या, म्हणजे सर्वांत वाईट क्रमांकावर होते. किनाऱ्यावरील मांगेला समाजाच्या संघटनेने २०१६ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली आणि निकाल लागायला २०२२ उजाडले. नवापूर, दांडी, सातपाटीचे मच्छीमार पूर्वी खाडीत काय काय मिळत असे ते सांगतात. त्यांचे सांगणे खरे आहे असे मानायला भरपूर जागा आहे. पण वसाहत येण्याआधीच्या पाण्याचे आणि मासळीचे आकडे कोणी वर्षानुवर्षे लिहून ठेवलेले नाहीत, आणि पुराव्याच्या वेळी आठवण कमी पडते.

या नोंदी शाळांनी ठेवायला सुरुवात केली तर? विहिरीच्या पाण्याची आम्लता पावसाळ्यापूर्वी व नंतर लिटमसच्या पट्टीने नव्हे, तर अंकीय रंगपट्टी असलेल्या सार्वत्रिक दर्शकाने मोजता येते. शाळेजवळच्या एकाच चिकूच्या झाडावरची किडकी फळे दर पंधरवड्याला मोजता येतात. तिवरांची हद्द यंदा कोठवर आहे ते खुणेच्या दगडापासून फूटपट्टीने नाही तरी दोरीने मोजता येते. एका वर्षात यातून काहीही कळणार नाही, हे मुलांना आधीच सांगावे. वही पुढच्या तुकडीकडे द्यायची आहे, हेही सांगावे. एक सूचना मात्र कळकळीची आहे. कारखान्यांच्या सांडपाण्याच्या नाल्यात मुलांना उतरू देऊ नये आणि तेथील पाण्याचे नमुने त्यांच्या हातांनी घेऊ नयेत. ते काम प्रयोगशाळांचे आहे.

बाँडर यांचा अलीकडचा प्रकल्प स्थलांतरित पक्ष्यांचा आहे. पक्ष्यांची वसतिस्थाने तीन उंचींवरून टिपायची, अंतराळ स्थानकावरून, विमानातून आणि जमिनीवरून, अशी त्याची रचना. २०२४ मध्ये त्यावर त्यांचे पुस्तक आले तेव्हा त्या ७८ वर्षांच्या होत्या. त्यातील एक पक्षी उत्तर अमेरिकेतील दुर्मीळ शुभ्र क्रौंच आहे आणि दुसरा आपल्या ओळखीचा, छोटा रोहित. आफ्रिकेतील ज्या खाऱ्या तलावांवर तो जगतो ते सूक्ष्म शैवालांमुळे लाल-हिरवे झालेले असतात आणि तो रंग चारशे किलोमीटरवरून स्पष्ट दिसतो. विमानातून पाहिले की पाण्याच्या कडेला गुलाबी पट्टा दिसतो. एकेक पक्षी आणि त्याची वाकडी चोच पाहायला चिखलाच्या काठापर्यंत जावे लागते. छोटे रोहित हिवाळ्यात ठाण्याच्या खाडीत येतात आणि पावसाळ्याच्या तोंडाशी परततात. पालघरहून सहल काढायची तर जानेवारी ते एप्रिल हा काळ बरा. भरती-ओहोटीचे वेळापत्रक आधी पाहावे, कारण पक्षी चिखल उघडा पडला की चरायला पसरतात आणि पाणी चढले की लांब सरकतात.